मक्याच्या थराखालचं बड्याचं मटण: ओव्हनमध्ये भाजायचा थंडीतला बेत

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. टेक्सास आणि त्याच्या आसपासच्या नैऋत्य भागात दाटसर शिजवलेल्या बीफवर मक्याच्या पिठाचं सरबरीत मिश्रण ओततात आणि भांडं तसंच भट्टीत ढकलतात. खाली तिखट मांस, वर फुगलेला, कडेला खरपूस झालेला मक्याचा पाव. यातला एकही जिन्नस खान्देशात परका नाही. मका शेतात आहे, लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात आहे, काळा मसाला तर प्रत्येक घरात डबाभर असतो. अडचण आहे ती आपल्या हाताच्या सवयीची. आपल्याला रस्सा लागतो, तोही पातळ आणि वर तर्री तरंगणारा. इथे रस्सा पातळ राहिला की वरचं पीठ त्यात बुडतं, खालून कच्चं राहतं आणि शेवटी ताटात पिठल्यासारखा गोळा पडतो. म्हणून पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा: मांस आधी पूर्ण शिजलेलं आणि दाट हवं. ओव्हनचं काम फक्त वरचा थर भाजण्याचं.

खालचं माप सहा जणांचं आहे. खाणारे दणकट असतील तर पाच.

मांस

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे आपल्याकडे बीफ म्हणून जे कायदेशीर मिळतं ते म्हशीचं, म्हणजे बाजारात ज्याला बड्याचं म्हणतात ते. हे मांस गडद लाल असतं, त्यात चरबी कमी असते आणि धागा जाड असतो. चरबी पांढरीशुभ्र दिसते. जनावर जितकं म्हातारं तितका रंग काळपट आणि धागा राठ, हे दुकानात उभ्या उभ्या डोळ्यांनी कळतं.

एक किलो बिनहाडाचं घ्या. मांडीचा गुळगुळीत, देखणा तुकडा मागू नका. तो महागही पडतो आणि या कामाला कोरडाही पडतो. ‘भाई, पुढच्या पायाचं नाहीतर खांद्याचं द्या, पांढरे पडदे काढू नका,’ एवढं सांगा. मानेचंही चालतं. त्या पांढऱ्या पडद्यांमध्ये आणि शिरांमध्ये जो चिवटपणा असतो तोच सावकाश शिजताना विरघळून चिकट होतो आणि रस्सा पिठाशिवाय दाटतो. जाड, पिवळसर, दोरीसारखी पट्टी असेल तर ती मात्र काढून टाका, ती कुकरलाही दाद देत नाही. तुकडे दीड इंचाचे करून घ्या. लहान केले तर शेवटी नुसते धागे उरतात. खिमा वापरला तरी चालतो, अमेरिकेत तर तो सर्रास वापरतात आणि वेळ निम्म्याने वाचतो. पण बड्याच्या मांसाची खरी चव तुकड्यांत आहे, असं माझं मत.

घरी बड्याचं चालत नसेल तर बोकडाच्या खांद्याचं बिनहाडाचं मटण घ्या. कृती तीच, फक्त कुकरचा वेळ अर्ध्यावर आणा.

कच्च्या पपईचा गर लावायची गरज नाही. कबाबाला तो ठीक. इथे मांस आधीच इतका वेळ शिजणार आहे की पपईने ते पिठूळ होतं.

दळण

या पदार्थाचं यश निम्मं चक्कीवर ठरतं. आपल्याकडे मक्याचं पीठ भाकरीसाठी बारीक दळलेलं असतं. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे पावरा-भिल्लांच्या घरात मक्याची भाकर रोजची आहे आणि तिला पीठ बारीकच लागतं, नाहीतर थापताना ती फुटते. वरच्या थराला मात्र हे पीठ गच्च बसतं. त्याला रवाळ दळण हवं. खान्देशातल्या चक्कीवाल्याला ते समजावून सांगायला लागत नाही, कारण वरणबट्टीसाठी गहू आणि त्यात थोडा मका असं जाड दळण तो नेहमीच काढतो. ‘भाऊ, नुसता मका आहे, पण बट्टीसारखा जाड काढा,’ म्हटलं की झालं. आधी कोणाचं दळण होतं ते विचारा. मिरची-हळदीच्या मागून काढलं तर ती चव पिठात उतरते.

मका पिवळा घ्या, खणखणीत वाळलेला. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. बुरशीचा वास, हिरवट-काळे ठिपके किंवा कोंबाकडचा भाग काळवंडलेला दिसला तर तो मका कोंबड्यांनाही घालू नका, माणसांना तर नाहीच. जाड दळलेल्या मक्यात कोंबातलं तेल राहतं, त्यामुळे ते उन्हाळ्यात लवकर खवट होतं. म्हणून किलोभरच दळून आणा आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा.

बाजारात पाकिटावर कॉर्नफ्लोअर लिहिलेलं जे पांढरंशुभ्र पीठ मिळतं ते इथे अजिबात चालत नाही. तो मक्याचा निव्वळ स्टार्च आहे, दोंडाईच्याच्या कारखान्यात मक्यातून काढतात तो. सूप दाट करायला उत्तम, थर लावायला निरुपयोगी. चक्की जवळ नसेल तर मक्याचा रवा किंवा दलिया म्हणून जे मिळतं ते मिक्सरमधून दोन झटके फिरवून घ्या आणि त्यात तिसरा हिस्सा भाकरीचं बारीक पीठ मिसळा.

वाटण आणि मसाला

दोन मोठे कांदे सालीसकट गॅसवर किंवा निखाऱ्यावर जाळा. बाहेरून कोळसा आणि आतून मऊ झाले पाहिजेत. अर्धी वाटी सुकं खोबरं तुकडे करून तव्यावर तांबूस-काळं भाजा. पंधरा-सोळा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं आणि मूठभर कोथिंबीर घ्या. कांद्याची जळकी साल काढा, पण सगळी धुऊन टाकू नका, थोडा काळेपणा राहू द्या. हे सगळं कमीत कमी पाण्यात एकदम बारीक वाटा. रस्सा दाट व्हायला हे वाटण मोठा हातभार लावतं.

याखेरीज घरचा काळा मसाला तीन चहाचे चमचे, धणेपूड दोन चमचे, जिरेपूड एक चमचा, हळद अर्धा चमचा. नंदुरबारच्या लाल मिरचीची पूड दोन चमचे हे माझं प्रमाण. वरचा मका गोडसर आणि सौम्य असतो, त्यामुळे खालचं मांस नेहमीपेक्षा थोडं तिखट ठेवावं लागतं. बारीक चिरलेले दोन कांदे, तीन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, एक वाटी ताज्या मक्याचे दाणे आणि पाच मोठे चमचे शेंगदाणा तेल.

मांस परतणं आणि शिजवणं

मांस धुऊन चाळणीत निथळा आणि स्वच्छ कापडाने कोरडं पुसा. हे पुसणं टाळू नका. ओलं मांस तेलात गेलं की आधी पाणी सोडतं, मग त्या पाण्यात उकडत बसतं आणि पांढरट राहतं. जो खमंग तपकिरी रंग आपल्याला हवा आहे तो कोरड्या पृष्ठभागावर आणि चांगल्या तापलेल्या भांड्यातच येतो. कुकरमध्ये तीन चमचे तेल धूर निघेपर्यंत तापवा आणि मांस तीन हप्त्यांत परता. तुकडा टाकला की दोन मिनिटं हलवू नका. तो आपोआप तळापासून सुटला की उलटा. सगळं मांस एकदम ओतलं तर तेल थंड पडतं आणि वरचा सगळा खटाटोप वाया जातो.

मांस बाजूला काढा. राहिलेलं तेल घालून त्याच कुकरमध्ये चिरलेला कांदा लाल करा. तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते कांद्याच्या ओलाव्याने सुटतं, ते खरवडून घ्या. मग वाटण घाला आणि मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत परता. याला दहा-बारा मिनिटं लागतात. घाई केली तर कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत राहतो. सुके मसाले घाला, अर्धा मिनिट हलवा, टोमॅटो घाला आणि ते गळेपर्यंत शिजवा. मांस परत आत टाका. मीठ दीड चहाचा चमचा, त्याहून जास्त नको, कारण पुढे रस्सा आटणार आहे आणि मीठ आटत नाही.

पाणी दोन वाट्या, तेही उकळतं. डोळ्यांना ते कमी वाटेल. मांस स्वतःचं पाणी सोडणार आहे. झाकण लावून मोठ्या आचेवर एक शिट्टी काढा, मग गॅस अगदी बारीक करून ३५ ते ४० मिनिटं ठेवा. कुकरच्या दाबाखाली पाणी शंभर अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून पातेल्यात जे तीन तास घेईल ते इथे पाऊण तासात होतं. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी आणि बारीक आचेवर ती वाजतेही कमी. वाफ आपोआप जाऊ द्या. जबरदस्तीने सोडली की आतलं पाणी एकदम खवळतं आणि मांस आक्रसतं.

झाकण उघडल्यावर एक तुकडा चमच्याच्या पाठीने दाबा. तो दोन भागांत फुटला पाहिजे, पण भुगा व्हायला नको. रबरासारखा परत उसळला तर आणखी दहा मिनिटं. म्हातारं जनावर असेल तर तासभरही लागतो.

रस्सा आवरणं

आता आपला हात आडवा येतो. कुकर उघडला की वर लालभडक तर्री दिसते, खाली झणझणीत रस्सा असतो आणि भाकर कुस्करायची इच्छा होते. ती इच्छा मारायची गरज नाही. तर्रीचा वरचा थर पळीने काढून वाटीत ठेवा. मांस झाऱ्याने बाजूला काढा आणि राहिलेल्या रश्शातला वाटीभर रस्साही वेगळा काढा. तो नंतर गरम पाणी आणि तर्री घालून पातळ करून ताटात शेजारी वाढायचा. बाकीचा रस्सा पसरट कढईत मोठ्या आचेवर आटवा. पसरट भांड्यात तो दहा मिनिटांत आटतो, कुकरमध्येच आटवत बसलात तर अर्धा तास जातो आणि तळ लागतो.

किती आटवायचा? उलथनं कढईच्या तळावरून ओढा. मागे उघडी पडलेली वाट दोन-तीन सेकंद तशीच राहिली की पुरे. लगेच भरून आली तर अजून पातळ आहे. बेसन किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाट करण्याचा मोह होतो, पण तसं केलेलं मांस ओव्हनमध्ये परत सैल पडतं आणि थंड झाल्यावर खळीसारखं लागतं. मांस, ढोबळी मिरचीचे तुकडे आणि मक्याचे दाणे घालून पाच मिनिटं शिजवा. आता मीठ चाखा. किंचित खारट, किंचित जास्त तिखट वाटलं पाहिजे.

तर्री काढण्यामागेही कारण आहे. तेलाचा थर पिठाखाली राहिला तर तो थराच्या बुडात शिरतो, बूड तेलकट होतं आणि नीट बसत नाही.

हे सगळं आदल्या रात्री करून ठेवता येतं, चव उलट मुरते. मात्र थर ओतण्याआधी मांस पुन्हा खदखदतं गरम करायला हवं. थंड मांसावर पीठ ओतलं तर वरून थर भाजून तयार दिसतो आणि खाली बोटभर कच्चा गिलावा राहतो. या पदार्थाच्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

भांडं

साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचं आणि निदान सहा सेंटिमीटर खोल भांडं घ्या. बिडाचं असेल तर उत्तम, कारण ते कडेला खरपूस करतं. ओव्हनची काच चालते, जाड स्टील चालतं. अ‍ॅल्युमिनियमचा केकचा डबाही चालतो, पण टोमॅटोचं आंबट रात्रभर त्यात ठेवू नका. पोळ्या गरम ठेवायचा कॅसरोलचा डबा आतून स्टीलचा दिसतो म्हणून कोणी ओव्हनमध्ये ठेवेल, तर त्याचं बाहेरचं अंग प्लास्टिकचं असतं, तो वितळेल. ओटीजी (ओट्यावरचा विजेचा छोटा ओव्हन) लहान असेल तर दोन छोट्या भांड्यांत करा. भांड्याच्या काठाखाली दीड-दोन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर थर फुगून बाहेर येतो आणि ओव्हनच्या तळाशी जळतो.

मक्याचा थर

जाड मक्याचं पीठ २०० ग्रॅम, म्हणजे दीड वाटी शिगोशीग, ३०० मिलिलिटर दाट ताकात अर्धा तास भिजवा. ताक कालचं, आंबटसर हवं. भिजवण्याची पायरी गाळली तर भाजल्यावर दाताखाली वाळू लागते. ओटीजी याच वेळी २०० अंश सेल्सिअसवर तापायला लावा, दोन्ही कॉइल चालू आणि जाळी मधल्या खाचेत.

दुसऱ्या भांड्यात कणीक ८० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, खायचा सोडा अर्धा चमचा आणि मीठ पाऊण चमचा एकत्र चाळा. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ही थोडी कणीक. नुसत्या मक्याचा थर कापताना भुगा होतो. सोडा ताकातल्या आंबटाशी मिळून फसफसतो, त्याने पीठ हलकं होतं. ताक गोडं असेल तर सोड्याची तुरट, साबणासारखी चव मागे राहते.

भिजलेल्या मक्यात दोन अंडी फेटून घाला, ५० ग्रॅम वितळवलेलं लोणी किंवा तूप घाला. तीन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या आणि मिठाची कणी यांचा जाडसर ठेचा चमचाभर आणि चिरलेली कोथिंबीर ही माझी भर. गुळाचं म्हणाल तर अमेरिकेतही यावर एकमत नाही. दक्षिणेत जुनी माणसं मक्याच्या पावात साखर घालत नाहीत, उत्तरेत तो चांगला गोड करतात. मी दक्षिणेच्या बाजूने. खाली काळा मसाला असताना वर गोड पाव मला झेपत नाही. तुम्हाला हवाच असेल तर किसलेला गूळ एक मोठा चमचा, त्याहून जास्त नको.

कोरडं मिश्रण शेवटी घाला आणि पंधरा-वीस फेऱ्यांत ढवळून थांबा. एखादी गुठळी राहिली तर राहू द्या. मिश्रण भज्याच्या पिठाहून किंचित सैल हवं, पळीतून जाड धारेने पडणारं. दळणाप्रमाणे पाणी कमी-जास्त शोषलं जातं, घट्ट वाटलं तर दोन चमचे ताक वाढवा. सोडा पडल्यावर हे मिश्रण थांबत नाही, तेव्हा मांस गरम आणि ओव्हन तापलेला असल्याशिवाय कोरडं-ओलं एकत्र करूच नका.

अंडं चालत नसेल तर त्याऐवजी अर्धी वाटी घट्ट दही आणि आणखी दोन चमचे कणीक. थर थोडा ठिसूळ होतो, चवीत फरक पडत नाही.

भाजणं

खदखदतं मांस भांड्यात पसरा, ते दोन-अडीच सेंटिमीटर उंच येईल. वर पीठ पळीपळीने कडेपासून सुरू करून मध्यापर्यंत ओता. एकाच ठिकाणी ओतलं तर तिथे खड्डा पडतो. चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने सारखं करा आणि कडा भांड्याला चिकटतील असं बघा. मध्ये एक-दोन ठिकाणी मांस डोकावलं तरी हरकत नाही, वाफेला वाट मिळते.

२५ ते ३० मिनिटं भाजा. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका. कडा भांड्यापासून सुटू लागल्या, वरचा रंग सोनेरी झाला आणि भेगा पडल्या की टूथपिक फक्त थराच्या जाडीपुरती घालून बघा. ती स्वच्छ आली पाहिजे. आरपार मांसापर्यंत घातली तर ती नेहमी ओलीच येणार आणि तुम्ही उगाच भाजत राहाल. रंग फिका असेल तर शेवटची तीन मिनिटं फक्त वरची कॉइल लावा आणि समोर उभे राहा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १९० अंश ठेवा आणि पाचेक मिनिटं जास्त द्या.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, त्याखाली लोखंडी तवा, आच बारीक. वर घट्ट बसणारं लोखंडी झाकण आणि त्यावर निखारे, बिर्याणीला दम देताना ठेवतात तसे. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. खालून मांस लागण्याची भीती असते, म्हणून या पद्धतीत रस्सा ओव्हनच्या मानाने किंचित कमी आटवा. निखारेही नसतील तर झाकणाला आतून कापड बांधा, म्हणजे वाफेचं पाणी थरावर ठिबकणार नाही. निखाऱ्यांचं काम बाहेर अंगणात, मोकळ्या हवेतच करा. बंद स्वयंपाकघरात निखाऱ्यांतून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू जीवघेणा असतो.

वाढणं आणि उरलेलं

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात थराचं बूड घट्ट होतं आणि सुरीने चौकोनी तुकडे उचलता येतात. पसरट उलथन्याने खालच्या मांसासकट तुकडा ताटात घ्या, शेजारी बाजूला काढलेला रस्सा तर्रीसकट वाटीत, बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबू. भाकर-पोळीची गरज पडत नाही, तरी घरातलं कोणीतरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर मागेलच. करून ठेवा.

हा बेत थंडीचा, शेतात भरताच्या पार्ट्या झडतात त्या दिवसांतला. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना घरात ओव्हन पेटवण्यात शहाणपण नाही. शाकाहारी घरासाठी मांसाऐवजी भिजवून शिजवलेला राजमा आणि सुरणाचे तळलेले तुकडे त्याच वाटणात घाला. सुरण चांगला जमतो. वांग्याचं मात्र पाणी सुटतं, बामणोदचं कितीही आवडत असलं तरी त्याला या थराखाली घालू नका, त्याचं भरीतच करा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, तिथे दोन दिवस टिकतं. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये मक्याचा थर ओलसर आणि चिवट होतो. तुकड्याचा थर सुरीने मांसापासून वेगळा करा, तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजा, मांस कढईत वाफा येईपर्यंत गरम करा आणि ताटात पुन्हा एकावर एक ठेवा.